आधी सुई, मग सलाईन

डॉ. कुमुद आरवेकर यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या एका रिकाम्या स्टीलच्या ताटासमोर बसल्या होत्या. नव्वद साल उलटून वर्ष-दोन वर्षे झाली असतील. पत्नीला बंगळुरातल्या एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून मी पुणे सोडले होते आणि जयनगरमधल्या एका रुग्णालयात मेडिसिन विभागात रुजू व्हायला आलो होतो. कागदावर विभागप्रमुखांची सही हवी होती. मी नमस्कार केला. बाईंनी मान वर न करता समोरची खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या, "बसा. ताट वाढून दाखवा."

ताटाशेजारी पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांचा ढीग होता. प्रत्येकीवर एका पदार्थाचे नाव, मराठीत आणि कन्नडात. मी पुण्याचा. ताट कसे वाढतात हे मला कोणी बंगळुरात शिकवावे याचा थोडा रागच आला. मीठ वर मधोमध ठेवले, लिंबू त्याच्या डावीकडे, चटणी त्याच्याशेजारी. मग भाजी, मग वरण-भात, आणि मोठ्या आत्मविश्वासाने कोशिंबीर उजवीकडे. बाईंनी एका वहीत लिहिले, मला दिसेल असे: "डॉक्टर. वय एकोणतीस. प्रकृती उत्तम. कोशिंबीर उजवीकडे." मग माझ्या कागदावर सही केली. आपण रुग्णालयात आलो आहोत की आणखी कुठे, अशी शंका मला पुढचा आठवडाभर येत होती.

बाईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेबद्दल इतर लोक लिहितीलच. मला त्या ताटाबद्दल लिहायचे आहे, कारण त्याच्याशी माझी एक चूक जोडलेली आहे आणि ती लिहायची परवानगी मी बाईंकडून घेतली आहे. परवानगी देताना त्या एवढेच म्हणाल्या, "माझीही लिहा."

वजन उतरवण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करणारे त्या वेळी आपल्या देशात फार थोडे होते. आमच्याकडचे सर्जन ती परदेशात शिकून आले होते. जठराच्या वरच्या भागात टाके घालून एक छोटा कप्पा करायचा. माणूस चार घास खाऊन तृप्त होतो आणि महिन्या-महिन्याला कपडे आवळून घेतो. सगळ्यांचे लक्ष वजनाच्या काट्यावर असे. बाईंचे लक्ष मात्र रुग्णाच्या डोक्यावर असे. त्या म्हणत, "शरीरात सगळ्यात जास्त खादाड कोण? मेंदू. आणि एके दिवशी सकाळी उठून आपण त्याचं रेशन तोडतो. तो काय करतो, हे कोणीतरी बघायला नको?"

बघायचे कसे, हा प्रश्न होता. स्मरणशक्तीच्या परदेशी प्रश्नावल्या होत्या. त्यांत आमचे रुग्ण इंग्रजीपाशीच अडखळत. मग बाईंनी ताट शोधून काढले. कुठला पदार्थ आधी, कुठला नंतर, कुठला डाव्या हाताला, कुठला उजव्या, पाहुणा कोण, त्याला काय चालत नाही. हे सगळे सांभाळायला लक्ष लागते, क्रम लागतो, आठवण लागते, आणि शाळेत गेलेले असावे लागत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी एकदा आणि नंतर दर महिन्याला प्रत्येक रुग्णाने ताट वाढून दाखवायचे, असा त्यांचा नियम. घराघराची रीत वेगळी. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या लोकांच्या ताटात कोसंबरी, म्हणजे भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर, सगळ्यात आधी येते आणि सारू, म्हणजे रस्समही असते. बाईंनी कोणाला चूक म्हटले नाही. "बरोबर काय ते ठरवणारी मी कोण? त्यांनी गेल्या महिन्यात वाढलं तसंच आज वाढतात का, एवढंच मला हवंय," असे त्या म्हणत. माझी कोशिंबीर त्यांच्या वहीत अजून उजवीकडेच आहे.

घाईने निष्कर्ष काढणे त्यांना मुळीच खपत नसे. एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी फुलून आले. आपली बुद्धी तल्लख झाली, सकाळचे शब्दकोडे आता चहा संपायच्या आत सुटते, पोट लहान झाले की मेंदूला रक्त जास्त मिळते, असा त्यांनी सिद्धांतच मांडला. आम्ही तरुण मंडळी खूश. मी तर मनातल्या मनात निबंधाचा मथळासुद्धा ठरवला. बाईंनी त्यांच्या पत्नीकडे वळून विचारले, "ह्यांचं घोरणं थांबलं का हो?" पत्नी म्हणाल्या, "थांबलं की! आता मलाही झोप लागते." बाईंनी वही मिटली आणि आम्हाला म्हणाल्या, "माणूस वीस वर्षांनी नीट झोपतोय. मथळा एवढ्यात ठरवू नका." माझ्या मनातले त्यांना कसे कळले, देव जाणे.

मधुमेही रुग्णांची साखर वजनाचा काटा हलायच्या आधीच, पहिल्या आठवड्यात, खाली येऊ लागे. असे का होते, हे एका विद्यार्थ्याने भर वर्गात विचारले. बाई म्हणाल्या, "खाणं तुटलं म्हणून, की आतड्यांकडून आणखी काही निरोप जातो म्हणून? मला माहीत नाही." विभागप्रमुखाच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे शब्द मी पुण्यात पाच वर्षांत एकदाही ऐकले नव्हते. बंगळुरात ते आठवड्यातून दोनदा ऐकू येत.

आता गिरिजाक्कांबद्दल.

गिरिजाक्का जुन्या बंगळुरातल्या एका कापडदुकानदाराच्या, मारुतीअण्णांच्या, पत्नी. घरात मराठी, दुकानात कन्नड, रागावल्या की दोन्ही. वय पंचेचाळीसच्या आसपास, मधुमेह, गुडघे गेलेले, दोन जिने चढणे अशक्य. समाजात लग्न असो की बारसे, पंगतीची सूत्रे गिरिजाक्कांकडे. स्वतः खुर्चीवर बसून त्या वाढणाऱ्यांना फर्मावत: तिकडच्या अण्णांना गोड नको, त्या अक्कांना लसूण चालत नाही, नव्या जावयाला आधी विचारा. शे-दीडशे घरांच्या आवडीनिवडी त्यांच्या डोक्यात होत्या, कुठेही लिहिलेल्या नव्हत्या. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांनी बाईंसमोर ताट वाढले तेव्हा आम्ही पाहतच राहिलो. चकत्या संपल्या, तरी त्यांचे पदार्थ संपेनात. "ह्येवढ्यानं काय होतं, मॅडम?" असे त्यांनी वर विचारले.

शस्त्रक्रिया छान झाली. घरी जाताना जीवनसत्त्वांच्या कॅप्सूल रोज घ्यायच्या, असे सांगितले. मग श्रावण लागला.

गिरिजाक्कांना आयुष्यात कधी उपास झेपला नव्हता. भूक आणि गोळ्या दोन्ही आड येत. आता भूकच लागेना, तेव्हा त्यांना वाटले, देवानेच दार उघडले. सोमवार धरले, शनिवार धरले, शुक्रवारही धरला. उपासाला साबुदाण्याची खिचडी. ती चिकट खिचडी त्या छोट्या कप्प्यात अडकून बसे आणि उलटून पडे. पोटात काही राहत नाही म्हणजे उपास कडकडीत होतो, याचे त्यांना समाधान. आणि भजनाला येणाऱ्या कोणीतरी सांगितले की कॅप्सूलचे वेष्टन जनावरांच्या हाडांपासून करतात. गोष्ट खरी होती. श्रावणात त्या घरी वशाट शिजत नाही, मग औषधातून तरी कसे चालेल? कॅप्सूलची बाटली देवघराच्या खाली नेऊन ठेवली गेली. श्रावण संपल्यावर घेऊ, असे ठरले. यातले आम्हाला कोणी काही सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

ऑपरेशनला दीड महिना झाला असताना एका सकाळी मारुतीअण्णा त्यांना रिक्षात घालून घेऊन आले. ओठ सुकलेले, आवाज खोल गेलेला. विभागात मी होतो. मारुतीअण्णा हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, स्वल्प ग्लुकोज लावा हो. ही उभीच राहीना झालीय." आपल्याकडे बाटली कसलीही असो, लोक तिला सलाईन म्हणतात आणि ती टांगली की निम्मे बरे वाटते. मलाही तेच बरोबर वाटले. काय खाता, किती दिवस उलट्या होतात, गोळ्या चालू आहेत का, यातला एकही प्रश्न मी विचारला नाही. ग्लुकोजची बाटली टांगली आणि बाह्यरुग्ण विभागात निघून गेलो.

दुपारी दोनच्या सुमारास नर्सने बोलावले. गिरिजाक्का उठू पाहत होत्या आणि एका बाजूला कलंडत होत्या. एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या. नर्सला त्या नणंदेच्या नावाने हाक मारत होत्या आणि आपण आत्ताच दुकानातून आलो असे सांगत होत्या. मी त्यांच्या हातापायांची ताकद तपासत बसलो. तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी बोट समोर धरून डावीकडे-उजवीकडे नेले. गिरिजाक्कांची बुबुळे थरथरत होती, एक डोळा तर बाहेरच्या बाजूला वळतच नव्हता. बाईंनी बाटलीच्या नळीवरचे चाक फिरवून थेंब बंद केले.

"बी-वन दिलं होतंत?"

"नाही."

"बाटली किती वेळ चालू आहे?"

"चार तास."

त्यांनी आवाज चढवला नाही. स्वतः त्या जीवनसत्त्वाचे इंजेक्शन भरले, स्वतः दिले. मग मला बाहेर नेऊन म्हणाल्या, "साखर जाळायला बी-वन लागतं. ह्यांच्याकडे चिमूटभर उरलं असेल. तुम्ही वरून साखर ओतलीत, ती चिमूटही तिनं खाल्ली. मेंदूला काय राहिलं?" हे मी पुस्तकात वाचले होते, दारुड्यांच्या प्रकरणात. कपाळाला कुंकू लावलेल्या, श्रावण पाळणाऱ्या बाईच्या बाबतीत ते मला सुचले नाही.

आजार आधीच दाराशी आला होता, हे खरे. त्याला आत घेतला तो मी.

संध्याकाळी मारुतीअण्णांनी व्हरांड्यात गाठले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "ऑपरेशननंतर कधी कधी असं होतं." हे वाक्य खोटे नव्हते. त्याची मला आजही लाज वाटते. ते बाईंच्या कानावर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन गिरिजाक्कांच्या खोलीत गेल्या, मारुतीअण्णांना आणि त्यांच्या सुनेला बसायला सांगितले, आणि मला म्हणाल्या, "बोला." मी बोललो. काय द्यायला हवे होते, काय दिले, त्याने काय झाले. मारुतीअण्णा ऐकत राहिले आणि मग गोंधळून म्हणाले, "पण ग्लुकोज तर मीच मागितलो होतो, डॉक्टर."

ती फांदी पकडायचा मोह मला झाला. बाईंनी होऊ दिला नाही. "तुम्ही मागितलंत, अण्णा. द्यायचं की नाही, हे ठरवायला आम्ही असतो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कॅप्सूलचे विचारले. सुनेने मान खाली घातली. "श्रावण होता ना, मॅडम. वेष्टन कशाचं असतं ते कळलं, म्हणून आम्ही बंद केलो."

बाई म्हणाल्या, "वेष्टन कशाचं असतं ते मला ठाऊक होतं. श्रावण येतोय हेही ठाऊक होतं. माझ्या घरीही पाळतात. दोन्ही गोष्टी एकत्र माझ्या डोक्यात आल्या नाहीत. ही चूक माझी."

मारुतीअण्णांना चुकांच्या वाटणीत रस नव्हता. त्यांनी एकच विचारले, "ही पहिल्यासारखी होईल ना?"

"डोळे दोन-चार दिवसांत सरळ होतील. चालायलाही लागतील, वेळ लागेल. आठवण किती परत येईल, मला माहीत नाही."

त्या दिवशी ते तीन शब्द मला ऐकवले नाहीत. मी राजीनामा लिहिला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, घडी घातली, माझ्या खिशात परत ठेवला. "सभ्यपणे पळून जायचा कागद आहे हा. गुरुवारी त्यांची तपासणी आहे. या." एवढेच. त्या रविवारी मात्र त्या न कळवता आमच्या घरी आल्या. तासभर माझ्या पत्नीशी पाण्याच्या वेळा, गॅसचा नंबर आणि तिच्या संस्थेतली कँटीन यांवर बोलल्या. माझ्याशी एक अक्षर नाही. निघताना चप्पल घालता घालता पत्नीला म्हणाल्या, "ह्यांना जेवायला घाला. तीन दिवस ताटावर दिसले नाहीत." मी रुग्णालयात जेवतो की नाही, हे त्या बघत होत्या, याचा मला पत्ताही नव्हता.

त्यानंतर विभागात दोन गोष्टी बदलल्या. भिंतीवर तीन भाषांत पाटी लागली: आधी सुई, मग सलाईन. आणि शेजारी एक दिनदर्शिका टांगली गेली, जिच्यावर बाई दर वर्षारंभी बसून लाल शाईने श्रावण, नवरात्र, एकादश्या, रोजे, ख्रिस्ती लोकांचे उपास असे सगळे गोल करून ठेवतात. कॅप्सूल बंद झाल्या. कुटून घ्यायच्या गोळ्या आल्या. सलाईन लावण्यापूर्वी 'उपास आहे का?' हा प्रश्न नर्ससुद्धा विचारतात. बाहेरून आलेले डॉक्टर ते पाहून हसतात. हसू देत.

गिरिजाक्कांचे डोळे सरळ झाले. काठी घेऊन त्या चालू लागल्या. ताट मात्र लागेना. मिठापाशी थांबत आणि चकत्या हातात घेऊन आमच्याकडे बघत. एखाद्या घरी लग्न असले की वाढणारे सवयीने विचारायला येत आणि त्या काहीतरी ठोकून देत. मधुमेह असलेल्याच्या पानात जिलबी पडे. मग घरच्यांनी त्यांना पंगतीला नेणेच बंद केले. मारुतीअण्णा हे सांगताना रडले नाहीत, पण मला ते ऐकवत नव्हते.

आणि त्यांना मी आठवत नव्हतो. दर गुरुवारी त्या तपासणीला येत आणि मी आत गेलो की आदराने विचारीत, "डॉक्टर नवे का?" पहिल्यांदा मी नुसतेच 'हो' म्हणालो. बाई दारात होत्या. "सगळं सांगा," त्या म्हणाल्या. "दर वेळी सांगायचं. त्या विसरतात म्हणून तुम्हाला सूट नाही."

त्या दिवसापासून मी दर गुरुवारी माझी चूक पहिल्यापासून सांगत आलो. गिरिजाक्का ती दर गुरुवारी पहिल्यांदाच ऐकत. कधी म्हणत, "अय्यो, तुम्हाला किती वाईट वाटलं असेल!" आणि माझ्या हातावर थोपटत. कधी नुसत्या "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणून मान हलवत. एकदा मात्र भयंकर चिडल्या. "माझं डोकं घालवलात आणि वर तोंड दाखवायला येताय?" असे ओरडून त्यांनी मला खोलीबाहेर काढले. पुढच्या गुरुवारी त्यांना ते आठवत नव्हते, मला होते. आज क्षमा मिळेल की हाकलून देतील, हे आत जाईपर्यंत कळत नसे. मी बाईंना एकदा म्हणालो की ही शिक्षा फार झाली. त्या म्हणाल्या, "शिक्षा कसली? उपचार चाललाय. दर वेळी एकच गोष्ट, एकाच माणसाकडून, एकाच क्रमानं. कुठेतरी चिकटेल." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "चिकटेलच असं नाही."

असे सव्वा-दीड वर्ष गेले. इंजेक्शने झाली, गोळ्या चालू राहिल्या, चकत्या रोज घरी मांडल्या जात. एका गुरुवारी मी खोलीत शिरलो, नेहमीप्रमाणे खुर्ची ओढली आणि तोंड उघडले. गिरिजाक्कांनी हात वर केला.

"सांगू नका. ठाऊक आहे मला. ग्लुकोज लावलेले डॉक्टर तुम्हीच. दर वेळी तेच तेच काय सांगता?"

मारुतीअण्णा उठून उभे राहिले. मला रडू आले आणि ते मी आवरले नाही. बाईंना बोलावून आणले. त्यांनी गिरिजाक्कांना शांतपणे विचारले, "हे त्यांनी कधी सांगितलं तुम्हाला?"

"मागच्या गुरुवारी. त्याच्या आदल्याही. मी रागावलो होतो ना एकदा?"

बाईंनी नोंद केली आणि मला म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी परत विचारा. एकदा आठवलं म्हणजे आठवलंच, असं धरून चालायचं नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा मात्र त्यांच्या वाक्याला साथ देत नव्हता. त्यांना आनंद झाला होता आणि लपवता येत नव्हता.

पुढच्या गुरुवारीही गिरिजाक्कांना आठवले. तो श्रावण त्यांच्या आयुष्यातून गेला तो गेलाच. त्याचे काहीही परत आले नाही. शे-दीडशे घरांपैकी निम्मी घरे त्यांना आता सुनेला विचारावी लागतात. पण त्या पुन्हा पंगतीत खुर्ची टाकून बसतात, आणि चुकल्या तर चुकले म्हणतात. बाईंच्या षष्ट्यब्दीच्या कार्यक्रमाच्या जेवणाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आहे, असे कळते.

बाई या वर्षी साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांचे गुडघे जिन्यावर कुरकुरू नयेत, झोप गाढ लागावी, भूक वेळेवर लागावी आणि डोके आज आहे तसेच चालावे, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. माझी स्वतःची त्यात थोडी जास्तीची आहे, आणि ती स्वार्थी आहे हे मी मान्य करतो. माझ्या हातून अजून पुष्कळ चुका व्हायच्या आहेत. त्या ज्यांच्यापुढे जाऊन सांगाव्यात, असे दुसरे माणूस मला या शहरात माहीत नाही. म्हणून बाईंनी खूप वर्षे जगावे.